तोयोच्या दोरीवरचे ठोके

तोयो गेली तेव्हा गावातल्या बायकांनी तिच्यासाठी एकच शब्द वापरला. "काय अबोल बाई होती हो!" असं एकमेकींना सांगत त्या अंत्यविधीच्या जेवणावर ताव मारत होत्या. मला संताप आला. अबोल माणूस वेगळा आणि ज्याचं तोंड दाबलं गेलं तो वेगळा. तोयोचं तोंड दाबलं गेलं होतं, आणि ते दाबणाऱ्यांत आमचं घर पहिलं होतं. आता माझीही सत्तरी जवळ आली. गावात हे जाणणारं माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही, म्हणून सांगते.

मी हात्सु, इवाउराच्या टोफूवाल्या कुरातांची सून. या बेटावर लग्न होऊन आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. आमच्यापासून दोन घरं खाली, अगदी पाण्याला लागून तोयोचं घर. ती तेव्हा चौतिशीची असेल. आमच्याकडे नवरा-बायको एकाच होडीवर जातात. नवरा वल्ह्याने होडी प्रवाहात धरून ठेवतो आणि बायको दोरी ओढते. तोयोच्या नवऱ्याला चीनच्या लढाईवर नेलं आणि दुसऱ्या वर्षी त्याच्या अस्थींची म्हणून पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली पेटी परत आली. ती हलवली तर आत काही वाजतही नव्हतं. पदरी मूल नाही. तेव्हापासून ती वल्हंही स्वतः मारायची आणि दोरीही स्वतः ओढायची.

तिचा धंदा ऑक्टोपसचा. लांबलचक दोरीला हात-दोन हातांवर मातीची मडकी बांधायची आणि ती दोरी समुद्राच्या तळाशी पसरून द्यायची. ऑक्टोपसला अरुंद, अंधारी जागा आवडते. तो आपणहून मडक्यात जाऊन बसतो आणि दोरी वर ओढली तरी बाहेर पडत नाही. प्रत्येक घराच्या मडक्यांवर त्या घराची खूण कोरलेली असते, म्हणजे भांडणं नकोत. तोयोच्या मडक्यांवर दोन आडव्या रेघा होत्या.

मी आले त्याच वर्षी नौदलाने आमच्या खाडीची पलीकडची बाजू ताब्यात घेतली. कुरेच्या बंदरातून झाकपाक करून लोखंडी वस्तू यायला लागल्या. आमच्या चार होड्या एकीपुढे एक लावल्या तर जेवढी लांबी होईल तेवढ्या लांब आणि वांग्यासारख्या गुळगुळीत. कागदोपत्री त्यांना 'लक्ष्य' म्हणायचे. तोफांच्या सरावासाठी पाण्यात सोडायची लक्ष्यं, असं आम्हाला सांगितलं होतं. गावातल्या शेंबड्या पोरांनाही ठाऊक होतं की त्या लक्ष्याच्या पोटात दोन माणसं बसतात आणि ते पाण्याखालून चालतं. पण ठाऊक असणं आणि तोंडाने म्हणणं यांत फार अंतर होतं. पलीकडच्या टोकावर लाल झेंडा चढला की सगळ्या होड्या किनाऱ्याला लागायच्या, घरांच्या समुद्राकडच्या खिडक्या-दारांच्या सगळ्या फळ्या बंद व्हायच्या. रस्त्यात असलं तर समुद्राकडे पाठ करून उभं राहायचं. अख्खं गाव डोंगराकडे तोंड करून उभं, असं मी किती वेळा पाहिलंय! हसू यायचं, पण हसायची सोय नव्हती.

कारण दहा-दहा घरांचे गट केलेले होते. तांदूळ, मीठ, काडेपेटी, सगळं गटाला मिळायचं आणि शिक्षाही गटाला व्हायची. एकाने आगळीक केली तर दहा चुली थंड. आमच्या गटाचे प्रमुख माझे सासरे. वाईट माणूस नव्हते. भित्रे होते, आणि भित्र्या माणसाच्या हाती दहा घरं दिली की जे होतं ते झालं.

नौदलाच्या बाजूच्या, म्हणजे झेंड्याच्या पाण्यात मडकी टाकायला बंदी होती. पण मोकळ्या पाण्यात ऑक्टोपस उरलेच नव्हते, आणि सरकारला ठरलेला माल तर द्यावाच लागायचा. तोयो चोरून झेंड्याच्या पाण्यातच दोरी टाकायची. वर तरंगता ओंडका बांधला तर कुणी बघेल, म्हणून तेही नाही. जुने कोळी करतात तसं ती जमिनीवरच्या खुणा जुळवायची. टोकावरचं वाकडं पाइनचं झाड देवळाच्या छपराच्या रेषेत आलं आणि दुसरीकडे दगडाची खाण खडकामागून डोकावली, की बरोबर तिथे गळ सोडायचा. दोरी गळाला लागायचीच. हे आमच्या गटात सगळ्यांना माहीत होतं. सासऱ्यांना तर आठवड्याला एक ऑक्टोपस त्याच पाण्यातला पोचायचा. वाफवून, पातळ कापून, व्हिनेगरमध्ये बुडवून ते तो मिटक्या मारत खायचे.

शोवाचं अठरावं वर्ष, म्हणजे १९४३, नोव्हेंबर महिना. सकाळी झेंडा चढला आणि दुपारी उतरला. तोयो होडी घेऊन गेली. मी मागच्या पडवीत सोयाबीनच्या दुधात खारं पाणी घालत होते. दिवस मावळायच्या आधीच ती परत आली ती थेट आमच्या मागच्या दाराशी. सासरे आतल्या खोलीत होते. तोयो आत त्यांच्यासमोर जाऊन बसली. माझ्या आणि त्यांच्या मध्ये फक्त कागदी दार.

"कुराता-सान, खाली माणसं आहेत."

"खाली म्हणजे कुठे?"

"झेंड्याच्या पाण्यात. माझी दोरी अडकली. अकरा मडकी वर आली आणि बारावं येईना. जोर लावला तर दोरीतून ठोके आले. लोखंडावर हातोडी मारतात तसे. तीन ठोके, मग थांबून परत तीन."

"तू तिथे काय करत होतीस?"

"गेल्या आठवड्यातला ऑक्टोपस गोड होता म्हणालात ना? तो तिथलाच."

सासऱ्यांनी दाराकडे पाहिलं. मग त्यांनी आवाज खाली आणला. "दोरी कुठाय?"

"कापली. वर आली तेवढी मडकी घेऊन आले. तळाची दोन-चार राहिलीत, त्यांच्यावर खूण आहे."

"बरं केलंस."

"बरं काय केलं? नौदलाची लाँच तिकडे पार टोकाच्या बाहेर शोधतेय. जागाच चुकलेय त्यांची! मला जागा माहीत आहे. पाइन आणि देवळाचं छप्पर आणि खाण. तुम्ही जाऊन सांगा. मी नाही सांगत, तुम्ही सांगा. म्हणा, कुणीतरी पाहिलं."

"कुणीतरी म्हणजे कोण, हे विचारणार नाहीत ते? तोयो, नौदलाची वस्तू आहे, नौदलाची माणसं आहेत. त्यांच्याकडे पाणबुडे आहेत, यंत्रं आहेत. तुझ्याकडे काय आहे? मडकी! तुझ्याच दोरीत ते अडकलं असं त्यांनी म्हटलं तर? दहा घरं आहेत. त्यांत दूधपिती मुलं किती आहेत ते मोज आणि मग बोल. पाण्यात राहून माशाशी वैर करायचं नसतं."

मग सासऱ्यांनी मला हाक मारून टोफूची एक वडी आणायला सांगितली. मी पानात बांधून आणली. त्यांनी ती तोयोच्या हातात ठेवली. तोयोने घेतली. नको म्हटलं असतं तर तेही बोलणंच झालं असतं. जाताना तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. लग्नाला सहा महिने झालेल्या सुनेने काही ऐकायचं नसतं. मी घरादारासाठी गप्प बसले असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मी घाबरले होते, बस्स.

तिसऱ्या दिवशी झेंडा दिवसभर फडकत राहिला. फळ्या बंद करून आम्ही आत बसलो आणि मोठ्या यंत्राचा करकर आवाज ऐकत राहिलो. काय वर येतंय ते कुणी विचारलं नाही. त्याच्या बुडाला चिकटून दोरीचा तुकडा आला असेल तर त्याबद्दल कुणी चौकशीला आलं नाही. दोरीमुळेच ते 'लक्ष्य' अडकलं की आधीच चिखलात रुतलं होतं, हे तोयोला कधी कळलं नाही. मलाही नाही.

तोयोने होडी विकली. लोकांना सांगितलं, कंबर धरते. तेव्हापासून ती संत्र्यांच्या मळ्यांत मजुरीला जायची, सार्डिन सुकवायला जायची. घर तेवढं पाण्याकाठचंच राहिलं. कुणी तिचं दार ठोठावलं तर ती दार उघडायची नाही. "हाक मार हात्सु, हाक मार. दार वाजवू नकोस," असं तिने मला एकदाच सांगितलं. गावाला वाटलं, एकटी राहून बाई विक्षिप्त झाली.

लढाई संपली. नौदल गेलं, लोखंड भंगारात गेलं. दोन वर्षांनी गावाने पाण्याजवळ एक छोटा दगड बसवला, सरावात मेलेल्यांची नुसती नावं कोरून. त्या दिवशी पलीकडच्या तळावर काम केलेला एक यंत्रदुरुस्तीवाला आला होता. आमच्याकडे बसून प्यायला आणि रडायला लागला. वर काढलेल्या त्या 'लक्ष्या'चं झाकण त्याने उघडलं होतं. आत भिंतीवर पेन्सिलीने वेळा मांडलेल्या होत्या. शेवटची वेळ पहाटे चारची. म्हणजे तोयोने ठोके ऐकले त्यानंतर तेरा तास ती दोन माणसं जिवंत होती. तोयो कोपऱ्यात साकेची बाटली गरम करत बसली होती. तिने बाटली खाली ठेवली, चुलीतली लाकडं मागे ओढली आणि घरी गेली. माणूस एवढं ऐकून जिवंत राहतो हे मला त्या दिवशी कळलं.

त्याच नोव्हेंबरात मोरिवाकी-सान पहिल्यांदा आल्या. त्या दोघांतल्या धाकट्याची, रेइजीची आई. दूर डोंगरातल्या खेड्यातून बस, आगगाडी आणि मग बोट. बुटकी, काटक बाई, कोळसा पाडणाऱ्याची विधवा. समुद्र तिने आमच्याकडेच पहिल्यांदा पाहिला. धक्क्यावर उभी राहून म्हणाली, "एवढं पाणी! बरं झालं, त्याला लगेच मरण आलं." तिला नौदलाचं पत्र गेलं होतं. क्षणात मृत्यू, यातना नाहीत. ते पत्र ती घडी करून कमरपट्ट्यात बाळगायची.

गावातली खानावळ बंद पडलेली. म्हातारीला कुठे उतरवायचं म्हणून सगळे एकमेकांकडे बघत राहिले. तोयो पुढे झाली, तिचं गाठोडं उचललं आणि चालायला लागली. मी तोंडात बोट घातलं. वाटलं, ही आता सांगणार. पण ती सांगू शकली नाही. त्या रात्रभरात म्हातारी चार वेळा म्हणाली म्हणे, "लगेच गेला, एवढंच माझं नशीब."

मग दरवर्षीच. नोव्हेंबर आला की मोरिवाकी-सान धक्क्यावर उतरायच्या आणि तोयोकडे दोन दिवस राहायच्या. येताना सुकवलेले चेस्टनट आणि रानातली अळंबी आणायच्या, जाताना संत्री न्यायच्या. दोघी दगडाजवळ जाऊन बसायच्या. तोयो वर्षातले उरलेले दिवस काढायची ते या दोन दिवसांसाठी, आणि या दोन दिवसांना घाबरतही तेवढीच असायची. मी एकदा म्हटलं, "तोयो-सान, सांगून मोकळ्या व्हा एकदाच्या."

ती फणकारली. "मी मोकळी होईन गं! तिचं काय? ते एक 'लगेच' आहे तिच्याजवळ. तेही काढून घेऊ?"

"मग असंच?"

"असंच. आणि तू कुणाच्या घरची ते विसरू नकोस. फार शहाणपण शिकवायला आलीय!"

मी वरमले. सासरे त्याच वर्षी वारले होते, पण ती बरोबरच बोलली.

रेइजीला जाऊन सोळा वर्षं झाली. मरणाचं वर्ष धरून मोजलं की हे सतरावं, आणि आमच्याकडे सतरावं श्राद्ध मोठं असतं. त्या वर्षी मोरिवाकी-सान आल्या त्या काठी टेकत. भिक्षूंचं पठण झालं, जेवण झालं, माणसं पांगली. दुपारी मी उरलेला टोफू घेऊन तोयोकडे गेले. दार उघडंच होतं. ऊन चटईवर पसरलेलं. म्हातारीने कमरपट्ट्यातून कागदाची एक पुडी काढून दोघींच्या मध्ये ठेवली होती.

"तोयो-सान, हे ठेवून घ्या."

"काय आहे?"

"त्याचे केस आणि नखं. निघताना घरी ठेवून गेला होता. देह परत आला नाही तर म्हणून सगळेच ठेवून जायचे, तुम्हाला माहीत आहे. अर्धी आमच्या देव्हाऱ्यात आहेत, अर्धी आणली. माझे गुडघे संपले, पुढच्या वर्षीपासून येणं व्हायचं नाही. तुमच्या देव्हाऱ्यात ठेवा. इतकी वर्षं तुम्ही त्याला सोबत केलीत, सख्खी बहीण करणार नाही तेवढी. तुमच्याजवळ असला की मला घोर नाही."

तोयोने त्या पुडीकडे असं पाहिलं की जणू ताटात कुणी निखारा वाढला. ती मागे सरकली, चटई सोडून थेट लाकडी जमिनीवर गेली आणि कपाळ टेकलं.

"मला नाही घेता येणार."

"अहो, संकोच कसला?"

"तो लगेच गेला नाही, मोरिवाकी-सान."

मी दारात टोफूचं भांडं धरून उभी. पुढे जाता येईना, मागेही फिरता येईना.

तोयोने कपाळ वर न उचलता सगळं सांगितलं. चोरून टाकलेली दोरी. अकरा मडकी. ठोके. दोरी कापली ते. पहाटे चारपर्यंतच्या वेळा. ती दोरीच त्याच्या वाटेत आली असेल, हेही. आणि मग असं एक सांगितलं जे माझ्या सासऱ्यांना तिने सांगितलं नव्हतं, मलाही नाही.

"मी उत्तर दिलं होतं. वल्ह्याच्या टोकाने होडीच्या तळावर तीनदा ठोकलं. काय करतेय ते कळायच्या आत ठोकून बसले. मग खालून घाईघाईने यायला लागले. तीन नाही, मोजताच येईनात इतके. त्यांना कळलं होतं की वर कुणीतरी आहे. आणि मी दोरी कापली. कापल्यावर ते ठोके होडीच्या फळीतून पायाला लागत होते. मी वल्हं मारत दूर गेले तोवर लागत होते."

"मग कुणाला सांगितलं?" म्हातारीने विचारलं.

कुरातांचं नाव आता येणार. यावं असं वाटत होतं, देवाशपथ वाटत होतं. आणि येऊ नये असंही.

"कुणालाच नाही," तोयो म्हणाली. "मी भ्याले."

त्या क्षणी मला एक वाक्य बोलायचं होतं. तिने सांगितलं होतं, आमच्याच घरी येऊन सांगितलं होतं, एवढंच. माझं कमरेएवढं पोर शाळेत जात होतं, दुकानावर कुराता असं नाव लिहिलेलं होतं. मी भांडं दाराशी ठेवलं आणि तिथेच खाली बसले. बोलले मात्र नाही.

मोरिवाकी-सान रडल्या नाहीत. कमरपट्ट्यातून त्यांनी ते नौदलाचं पत्र काढलं, उलगडलं, वाचलं आणि परत घडी घातली. मग पुडी उचलली आणि पत्राबरोबर आत ठेवून दिली. तोयोने तोवर डोकं वर केलं नव्हतं. म्हातारी काठीवर जोर देऊन उठली आणि समुद्राकडच्या दारात जाऊन उभी राहिली.

"कुठे?" तिने विचारलं.

तोयो उठून तिच्यामागे गेली. पाइनचं झाड एव्हाना वादळात पडलं होतं, म्हणून तिने हाताने नुसतीच जागा दाखवली. दगडापासून कितीतरी बाजूला होती ती. इतकी वर्षं त्या दोघी भलत्याच पाण्याकडे तोंड करून बसत होत्या.

"मी तुम्हाला क्षमा करणार नाही," म्हातारी म्हणाली.

"नका करू."

"तेरा तास! डोंगरात हाक मारली तर तेवढ्यात दहा गावं गोळा झाली असती."

"हो."

बोटीचा भोंगा वाजला. वाटलं, म्हातारी आता गाठोडं उचलून जाईल आणि संपलं. तोयोलाही तेच वाटलं असणार, कारण तिने गाठोडं आणून दाराशी ठेवलं. म्हातारीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पुढच्या वर्षी येईन," ती म्हणाली. "गुडघे गेले खड्ड्यात. क्षमा नाही करणार, पण येईन. नाही तर जाऊ कुठे? त्याची आठवण काढायला आमच्या गावात पुष्कळ आहेत. त्याला शेवटचं ऐकलेलं माणूस तुम्ही एकट्याच आहात."

आणि ती आली. आणखी सात वर्षं, शेवटी शेवटी कुणाच्या तरी पाठीवर बसून धक्क्यावर उतरायची. पुडी पुन्हा कधी पुढे केली नाही, पत्रही काढलं नाही. दगडाजवळ दोघी जायच्या, पण आता तोयोने दाखवलेल्या पाण्याकडे तोंड करून बसायच्या. मी चहा घेऊन जायचे, म्हणून मला माहीत आहे. म्हातारी म्हणायची, "सांगा." तोयो सांगायची. आधी तीन, मग थांबून तीन, मग मी उत्तर दिलं, मग मोजता येईनात इतके. म्हातारी डोळे मिटून ऐकायची. संपलं की म्हणायची, "परत एकदा." तोयो परत सांगायची.